रसायनशास्त्रातील नवे संशोधन आणि समावेशकता यांचा परस्परांशी खरोखर काही संबंध आहे का?

पदवीच्या शेवटच्या वर्षात असल्याचे सांगून तुम्ही विचारले आहे की, रसायनशास्त्रातील नव्या संशोधनाविषयी वाचताना ‘समावेशकता’, म्हणजे स्त्रिया, अपंग व्यक्ती अशा एरवी बाहेर राहणाऱ्यांनाही सामावून घेणे, हा शब्द वारंवार समोर येतो, तर त्याचा प्रत्यक्ष विषयाशी काही संबंध आहे, की तो केवळ संस्थांच्या अहवालांपुरता आहे? माझ्या मते संबंध निश्चित आहे, मात्र बहुतेक लोक तो जिथे दाखवतात तिथे तो फारसा सापडत नाही.

सहसा बोट दाखवले जाते ते स्त्रियांना मिळालेल्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारांकडे. 2018 मध्ये फ्रान्सिस अर्नोल्ड, 2020 मध्ये इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना, 2022 मध्ये कॅरोलिन बर्टोझी. ही कामे मोठी आहेत, यात शंका नाही. बर्टोझी यांचेच पाहा. ॲझाइड आणि अल्काइन या दोन रासायनिक गटांना झटपट जोडणारी अभिक्रिया तांब्याच्या उत्प्रेरकावर चालत होती आणि तांबे जिवंत पेशींना विषारी असते. त्यांनी अल्काइनला आठ अणूंच्या ताणलेल्या कड्यात बसवले. त्या ताणामुळे अभिक्रिया तांब्याविना घडू लागली आणि पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करांचा माग पेशी जिवंत असतानाच काढता येऊ लागला. परंतु 1901 ते 2025 या काळात रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्या जवळपास दोनशे व्यक्तींमध्ये स्त्रिया केवळ आठ आहेत. त्यांपैकी चार जणींना ते 2018 ते 2022 या पाच वर्षांत मिळाले, तर पुढच्या तीन वर्षांतील नऊही मानकरी पुरुष आहेत. शिवाय पुरस्कार बहुधा दोन-तीन दशकांपूर्वीच्या कामाला मिळतो, त्यामुळे त्या यादीवरून आज प्रयोगशाळेत कोण काम करत आहे हे कळतच नाही.

खरा संबंध मला उपकरणांत आणि पद्धतींत दिसतो. ब्युरेटमधून आम्लात थेंब थेंब अल्कली सोडत फिनॉल्फ्थॅलीन या रंगसूचकाची फिकट गुलाबी छटा टिकेपर्यंत डोळे लावून बसणे, हे आपण सर्वांनी केले आहे. ही पद्धत दृष्टी गृहीत धरते, पण त्यामागचे रसायनशास्त्र ती गृहीत धरत नाही. पीएच (आम्लता) मापकाचे आकडे आवाजात ऐकवले, तर तोच अंतिम बिंदू दृष्टिहीन विद्यार्थ्यालाही गाठता येतो आणि छटेविषयीच्या मतभेदांना जागाही उरत नाही. फ्यूम हूडचा, म्हणजे घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाचा, ओटा उभ्या माणसाच्या उंचीला बेतलेला असतो, त्यामागेही असेच न तपासलेले गृहीतक आहे.

या बाबतीत मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटलेले काम 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील ब्रायन शॉ यांच्या गटाने त्रिमितीय मुद्रकावर ‘लिथोफेन’ तयार केले. लिथोफेन म्हणजे प्लास्टिकचा पातळ, अर्धपारदर्शक तुकडा, ज्याची जाडी मूळ चित्रातील गडद-फिकटपणानुसार कमी-जास्त होते. तो प्रकाशासमोर धरला की डोळ्यांना स्पष्ट चित्र दिसते आणि त्याच तुकड्यावरून बोट फिरवले की उंचवट्यांतून तेच चित्र कळते. वर्णपट, वस्तुमान वर्णपट, प्रथिनांच्या जेलवरील पट्टे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे छायाचित्र आणि पाठ्यपुस्तकातील आकृती असे पाच नमुने घेऊन चाचणी झाली. दृष्टिहीन किंवा अत्यल्प दृष्टी असलेल्या व्यक्तींनी स्पर्शाने सरासरी 96.7 टक्के अचूक उत्तरे दिली, तर डोळस व्यक्तींची प्रकाशात पाहून दिलेली 92.2 टक्के उत्तरे अचूक आली. चाचणी लहान होती, त्यामुळे यावरून स्पर्श दृष्टीपेक्षा सरस ठरतो असे मी म्हणणार नाही. महत्त्वाचे हे की दोघांच्या हातात एकच तुकडा असतो आणि त्यावर बरोबरीने चर्चा करता येते.

स्वयंचलनाकडेही मी याच दृष्टीने पाहतो. लिव्हरपूल विद्यापीठातील फिरत्या यंत्रमानवाने आठ दिवसांत 688 प्रयोग केल्याचे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा चर्चा वेगाचीच झाली. मात्र वजन करणे, ओतणे, ढवळणे ही कामे यंत्राकडे गेली, तर ज्यांचे हात थरथरतात किंवा जे चाकाच्या खुर्चीवरून काम करतात, त्यांना प्रयोगाची आखणी आणि निष्कर्ष या मुख्य कामात अडसर राहत नाही. अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने प्रथिनांच्या वीस कोटींहून अधिक अंदाजित रचना विनामूल्य खुल्या केल्या, त्याचाही लाभ महागडी उपकरणे नसलेल्या संस्थांना होतो. अर्थात अंदाज म्हणजे मापन नव्हे आणि पडताळणीसाठी उपकरण लागतेच, म्हणून हा लाभ अर्धाच समजावा.

जिथे तंत्रज्ञान काहीच सोडवत नाही, ते ठिकाण म्हणजे प्रकाशन. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने आपल्या नियतकालिकांकडे आलेल्या सात लाखांहून अधिक हस्तलिखितांचे विश्लेषण 2019 मध्ये जाहीर केले. लेख सादर करण्यापासून परीक्षकांच्या निवडीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर स्त्रियांच्या वाट्याला थोडे थोडे कमी येते आणि हे छोटे फरक साचत जातात, असे त्यात आढळले. असा पक्षपात कोणा एकाच्या दुष्टपणातून आलेला नसतो, म्हणून तो मोजल्याशिवाय दिसत नाही. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत उपयुक्त काम हे मोजमापाचेच आहे, परिसंवाद आणि घोषणापत्रे त्यानंतर येतात.

पुढे संशोधनात जायचा विचार असेल, तर एखाद्या गटाची निवड करताना त्यांच्या शोधनिबंधांतील आलेख केवळ लाल-हिरव्या रंगांतील फरकावर (जो रंगांध व्यक्तींना ओळखता येत नाही) अवलंबून आहेत का, मूळ आकडेवारी यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात जोडलेली आहे का, आणि तंत्रसाहाय्य करणाऱ्यांची नावे लेखकांमध्ये येतात का, हे अवश्य पाहा. संकेतस्थळावरील समावेशकतेच्या निवेदनापेक्षा त्यावरून तुम्हाला अधिक कळेल.