सांगड म्हणजे मिश्रण नव्हे

प्रश्न एका ताईंचा आहे. मासिकासाठी मेंदूवर लेख लिहिताना त्यांनी लिहिलं, "एखादी वस्तू शोधताना मेंदू रंग आणि आकार यांची सांगड घालतो." संपादकांनी 'सांगड घालतो' खोडून 'मिश्रण करतो' केलं, कारण म्हणे सांगड हा भाषणातला शब्द आहे. बरोबर कोण?

ताई, तुम्ही बरोबर. पण संपादकांना असं का वाटलं तेही कळतं मला. उद्घाटन असो, साड्यांचं प्रदर्शन असो की नवीन हॉटेल, निवेदक 'परंपरा आणि आधुनिकता यांची सुरेख सांगड' म्हटल्याशिवाय माइक सोडत नाही, आणि हल्ली तर 'सांगड साधली' असंही कानावर येतं, ते ऐकलं की माझं डोकंच उठतं. समतोल साधतात, संवाद साधतात. सांगड घालतात, नाहीतर बांधतात. बांधतात, कारण ती खरोखर दोरानं बांधायची वस्तू आहे!

जोड, मेळ हा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, तो सोडू. सांगड मुळात पाण्यावरची. दोन होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, वर आडवे वासे टाकायचे आणि दोरांनी जखडून टाकायच्या, झाली सांगड. एकटी होडी जरा वजन इकडेतिकडे झालं की कलंडते, जोडी कलंडत नाही. पोहायला शिकणाऱ्या पोराला वाळलेले भोपळे बांधून नदीत सोडायचे, ती पण सांगडच. संस्कृतात 'संघाट' म्हणजे लाकडं एकमेकांना जोडणं, पालीत 'नावासंघाट' म्हणजे जोडलेल्या नावांचा तराफा. आणि आता ऐका, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' नावाचं ग्रीक प्रवासवर्णन आहे, त्यात कोरोमंडल किनाऱ्यावरच्या बंदरांत एकेका ओंडक्याच्या पण एकत्र बांधलेल्या मोठ्या नावा दिसतात त्यांना 'संगारा' म्हटलंय. काही युरोपीय पंडितांनी हा शब्द व्यापाराच्या अर्थाशी नेऊन जोडला, ते मला साफ नामंजूर आहे. अहो, लिहिणारा स्वतःच सांगतोय की नावा बांधलेल्या आहेत, मग अजून काय पुरावा पाहिजे? मल्याळममध्ये तराफ्याला 'चंगाडम्' म्हणतात, तिथून तो पोर्तुगीजांनी उचलला, त्याचं 'जांगाडा' झालं, आणि ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी आपल्या शिडाच्या तराफ्याला आजही जांगाडा म्हणतात. म्हणजे आपल्या सांगडीची सख्खी बहीण अटलांटिकमध्ये मासे धरतेय!

एवढं लांब जायचं नसेल तर गोव्यात जा. 29 जूनला सेंट पीटर आणि सेंट पॉलच्या फेस्ताला कांदोळीत होड्या जोडून पाण्यावर मंच करतात, त्याला 'सांगोड'च म्हणतात. कुंभारजुव्यात गणपतीत पण सांगोड असतो, होड्या जोडलेल्याच. 'सांगाडा' हा शब्दसुद्धा याच घरातला, असं माझं ठाम मत आहे. हाड हाडाला बांधलेलं, प्रत्येक हाड वेगळं मोजता येतं आणि तरी सगळं मिळून एक उभं राहतं, यापेक्षा चांगली सांगड कुठली? हे मी बोललो की काही जण नाकं मुरडतात, पण दुसरी व्युत्पत्ती काय असं विचारलं की गप्प होतात.

तर मुद्दा हा की सांगडीतल्या दोन्ही होड्या शाबूत असतात. दोर सोडला की ही वेगळी आणि ती वेगळी. दुधात साखर विरघळली की साखर परत काढून दाखवता येत नाही, त्याला मिश्रण म्हणतात. आणि मेंदूत रंग, आकार, हालचाल यांचं मिश्रण होत नाही हो! हालचालीचं काम मुख्यतः एका भागात, रंगाचं बरंचसं दुसऱ्या भागात, अशी वाटणी आहे.

लग्नाच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग आठवा. सगळ्या काळ्या आणि तुमची एकटीच लाल असेल तर ढीग दहाचा असो की शंभराचा, ती लगेच नजरेत भरते. ('नजरेत भरणं' हाही काय शब्द आहे, शोधायला जावंच लागत नाही, वस्तू आपण होऊन येते. त्यावर पुन्हा कधीतरी.) पण तुमची लाल आणि अंगठ्याची आहे, आणि ढिगात लाल बिनअंगठ्याच्या पण आहेत आणि काळ्या अंगठ्याच्या पण आहेत, तर मग नुसता लाल रंग कामाचा नाही, नुसता अंगठाही नाही, या चपलेचा रंग आणि याच चपलेचा अंगठा हे एकत्र बघावं लागतं, आणि ढिगात जेवढ्या चपला वाढतील तेवढा वेळ वाढत जातो. अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड या मानसशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये हेच प्रयोगानं मांडलं. त्यांचं म्हणणं, रंग आणि आकार मेंदू आधी वेगवेगळे टिपतो, लक्ष एका जागी नेलं की मगच तिथले गुण एकमेकांना बांधले जातात. दोर म्हणजे लक्ष.

दोर नसला तर काय होतं तेही ट्रीझमनबाईंनी हिलरी श्मिट यांच्यासोबत दाखवलं. 1982 चा प्रयोग आहे, पडद्यावर क्षणभर रंगीत अक्षरं दाखवायची, पण लोकांना बाजूचे आकडे वाचायच्या कामाला लावायचं. मग विचारलं की लोक एका अक्षराचा रंग दुसऱ्या अक्षराला लावून सांगायचे, आणि तसं पाहिलं असं खात्रीनं सांगायचे. दोन्ही होड्या जागेवर, गाठ मात्र भलतीकडे. 1995 मध्ये एका रुग्णाची हकिगत छापून आली, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्वखंडाला (मेंदूचा वरचा, मागच्या बाजूचा भाग, इंग्रजीत पॅरायटल लोब) इजा झालेली. त्याला समोरची अक्षरं दहा-दहा सेकंद बघू दिली तरी तो रंग आणि अक्षर यांच्या जोड्या चुकवायचा. रंग दिसतोय, अक्षर दिसतंय, सांगड सुटलीय. इथे 'मिश्रण' घालून बघा बरं, 'मिश्रण सुटलं' असं वाक्य तरी होतं का?

एका ठिकाणी मात्र ट्रीझमनबाईंशी माझं जमत नाही. त्यांच्या सुरुवातीच्या मांडणीत दोन गुणांचा शोध म्हणजे एकेक वस्तू तपासत जाणं. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये दुसरं सुचवलं आणि ते मला जास्त पटतं. रंगाची खबर आणि आकाराची खबर दोन्ही मिळून आधीच लक्षाला ढकलतात, की बाबा तिकडे लाल आहेत, तिकडे अंगठे आहेत, दोन्ही जिथे जमतंय तिथे आधी बघ. आपण तरी ढिगातली एकेक चप्पल कुठे उचलतो? काळ्यांकडे ढुंकूनही बघत नाही, लालमधूनच नजर फिरवतो. म्हणजे गाठ पडायच्या आधीच दोन्ही होड्या एका दिशेला वल्हवत असतात.

तुमच्या वाक्याचं राहिलंच. 'सांगड घालतो' तसंच ठेवा. 'एकत्रीकरण' चालेल, पण ते खात्यांचं होतं, जमिनींचं होतं, त्यात दोर दिसत नाही. संपादक अडूनच बसले तर 'जुळवतो' करा, पण 'मिश्रण' छापू देऊ नका. आणि तुम्ही सोबत पाठवलेल्या परिच्छेदात खाली एकदा 'सांगड साधते' आलंय, तेवढं काढा.