वाचकांचे प्रश्न : शिक्षक संघटनेच्या पदाधिकाऱ्यांची ओळख

प्रश्न : आमच्या स्थानिक शिक्षक संघटनेची नवी कार्यकारिणी निवडून आली असून, येत्या सभेत सभासदांना तिची ओळख करून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मागच्या वेळी प्रत्येकाच्या पदव्या, पुरस्कार आणि सेवेची वर्षे वाचून दाखवण्यात जवळजवळ तासभर गेला. तरीही सभा संपल्यावर दोन नव्या शिक्षिकांनी मला विचारले की, पगारातील चुकीबद्दल नेमके कोणाला भेटायचे. या वेळी असे होऊ नये म्हणून काय करावे? – एक शिक्षिका

उत्तर : त्या दोघींचा प्रश्न समोर ठेवूनच आपण परिचय लिहायला बसावे, असे मी सुचवीन. सभागृहात बसलेल्या सभासदाला तीन गोष्टी कळायला हव्यात : या व्यक्तीकडे कोणते काम आहे, तिला केव्हा व कसे गाठायचे, आणि ते काम झाले नाही तर जाब कोणी द्यायचा. पदव्या आणि पुरस्कार यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देत नाहीत, म्हणून ते एका वाक्यात आटोपले तरी कोणाचा अवमान होत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझी एक वेतनवाढ नोंदवायची राहून गेली होती आणि संघटनेचा सभासद असूनही कोणाकडे जावे हे मला कित्येक आठवडे उमगले नव्हते. अध्यक्षांचे नाव मला पाठ होते, कारण प्रत्येक सभेत ते घेतले जाई. पण गाऱ्हाणी ऐकण्याचे काम एका सहचिटणीस बाईंकडे आहे, हे कोणी कधी सांगितलेच नव्हते. शेवटी मी त्यांच्यापर्यंत पोहोचलो, तेव्हा त्यांनी एक जाड वही उघडली, माझे नाव, तक्रार आणि त्या दिवसाची तारीख लिहिली, पुढचा रकाना मोकळा ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘सर, उत्तर आले की तारीख इथे पडेल, नाही आले, तर दर शनिवारी येऊन हा रकाना बघत जा.’’ त्या बाईंचा याहून चांगला परिचय आजही मला सुचत नाही. आपणही प्रत्येक पदाधिकाऱ्याविषयी अशी एखादी पाहिलेली गोष्ट शोधावी. खजिनदारांविषयी ‘अत्यंत प्रामाणिक’ असे म्हणण्यापेक्षा वर्गणीची पावती त्या हातोहात देतात आणि हिशेबाची वही प्रत्येक सभेत टेबलावर उघडी ठेवतात, हे सांगावे. अर्थात तसे खरोखरच घडत असेल तर.

एकाच कामातून माणूस कसा उभा राहतो, याचे मला नेहमी आठवणारे उदाहरण शिकागोचे आहे. तेथील प्राथमिक शिक्षिकांनी १८९७ मध्ये आपली संघटना स्थापन केली. तिजोरीत पैसा नाही असे कारण देऊन शिक्षण मंडळाने कबूल केलेली वेतनवाढ रोखली, तेव्हा सहावीच्या वर्गाला शिकवणाऱ्या मार्गारेट हेली आणि त्यांच्या सहकारी कॅथरिन गॉगिन यांनी करआकारणीच्या नोंदी स्वतः तपासल्या. शहरात वीज, गॅस अशा सेवा पुरवणाऱ्या बड्या कंपन्यांना मिळालेल्या परवान्यांच्या मूल्यावर कर आकारलाच जात नव्हता, हे त्यांनी दाखवून दिले आणि १९०१ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात शिक्षिकांची बाजू टिकली. अमेरिकेतील राज्यघटनेने स्त्रियांच्या मतदानाच्या हक्काला संरक्षण दिले ते १९२० मध्ये, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोघींनी काय केले ते कळते. हेली यांना किती सन्मान मिळाले हे मी सांगितले नाही. तरी त्या कोण होत्या, हे आपल्याला समजले असेल.

आणखी एक गोष्ट आवर्जून करावी : प्रत्येक जण कोणता विषय शिकवतो आणि कोणत्या वर्गांवर जातो, हे सांगावे. ही माणसे आपल्यातलीच आहेत, हे सभासदांना त्यातून जितके जाणवते तितके अन्य कशाने जाणवत नाही. त्याच शहराच्या शिक्षक संघटनेच्या अध्यक्षपदी २०१० मध्ये निवडून आलेल्या कॅरेन लुईस यांची ओळख अखेरपर्यंत रसायनशास्त्राच्या शिक्षिका अशीच राहिली.

प्रश्न : अध्यक्ष आणि सरचिटणीस यांत मोठे कोण? परिचयाचा क्रम कसा असावा? – एक निवृत्त मुख्याध्यापक

उत्तर : लहानमोठेपणापेक्षा कामाची वाटणी पाहावी. सर्वसाधारणपणे अध्यक्ष सभा चालवतात आणि बाहेर संघटनेची भूमिका मांडतात. पत्रव्यवहार, इतिवृत्त आणि मंजूर ठरावांचा पाठपुरावा सरचिटणीसांकडे असतो. काही संघटनांत मात्र रोजचा कारभार पूर्णपणे सरचिटणीसच पाहतात. म्हणून आपल्या संघटनेचे नियम वाचून मगच बोलावे. क्रम रूढीप्रमाणे अध्यक्षांपासून ठेवण्यास हरकत नाही. परंतु शाळाशाळांतील प्रतिनिधींना ‘आणि इतर सदस्य’ या तीन शब्दांत गुंडाळू नये, कारण सभासदाची पहिली गाठ त्यांच्याशीच पडते.

प्रश्न : आमची निवडणूक चुरशीची झाली. पराभूत उमेदवारही सभेला असतील. परिचय करून देताना निवडणुकीचा उल्लेख टाळावा काय? – एक माध्यमिक शिक्षक

उत्तर : टाळू नये. हे पदाधिकारी कोणी नेमलेले नाहीत, सभासदांनी मते देऊन निवडलेले आहेत, ही त्यांच्या ओळखीतील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. आपले नियम स्वतः ठरवण्याचा आणि आपले प्रतिनिधी पूर्ण स्वातंत्र्याने निवडण्याचा संघटनांचा हक्क आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४८ मधील ८७ व्या करारात नोंदवलेला आहे. त्याच संघटनेने युनेस्कोसह तयार केलेली शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसमध्ये स्वीकारली गेली, आणि शैक्षणिक धोरण ठरवताना शिक्षक संघटनांना सहभागी करून घ्यावे, असे तिच्यात म्हटले आहे. ५ ऑक्टोबर हा जागतिक शिक्षक दिन म्हणून पाळला जातो, तो याच घटनेमुळे. शासनाशी बोलायला बसणारी व्यक्ती कोणाच्या वतीने बोलते, याचे उत्तर त्या मतपत्रिकांत असते; मग त्यांचा उल्लेख करण्यात संकोच कसला?

मात्र ‘विजयी पॅनेल’, ‘दणदणीत यश’ असे शब्द परिचयात येऊ देऊ नयेत. मतदान कोणत्या दिवशी झाले, किती सभासदांनी मत दिले आणि कार्यकाळ केव्हा संपतो, इतके स्वच्छपणे सांगावे. कार्यकाळ संपण्याची तारीख बहुतेक परिचयांतून वगळली जाते. ती मला फार मोलाची वाटते. मावळत्या कार्यकारिणीने अर्धवट सोडलेली कामे कोणती आणि ती आता कोणाकडे गेली आहेत, हेही त्याच वेळी वाचून दाखवावे. ज्यांनी नव्या कार्यकारिणीला मत दिले नाही, त्यांच्याही तक्रारी त्या यादीत असतील आणि आपली तक्रार कोणाच्या नावापुढे लिहिली आहे, हे त्यांना तेथेच ऐकायला मिळेल.