फौजदारी केसमध्येच नुकसानभरपाई मिळते, पण मागावी लागते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२३ मध्ये बांधाच्या वादातून शेजाऱ्यांनी भावाला काठीने मारलं, हात मोडला, दवाखान्यात दीड लाखाच्या वर गेले. न्यायदंडाधिकारी प्रथमवर्ग कोर्टात भादंवि (भारतीय दंड संहिता) कलम ३२५ ची, म्हणजे गंभीर दुखापतीची केस तेव्हापासूनच चालू आहे, साक्षी होत आल्या आहेत, आणि कोर्टात कुणीतरी सांगितलं की ‘पैसे हवे असतील तर दिवाणी दावा लावा’.

हा सल्ला अर्धाच खरा. दावा लावता येतोच, त्याच्या मुदतीचं वकिलांना आजच विचारा. पण भरपाई द्यायचा अधिकार फौजदारी कोर्टालाही आहे. नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ ला लागू झाले. तुमची केस त्याच्या आधीपासून प्रलंबित असल्यामुळे तिला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७ लागू. नव्या केसेसना नागरिक सुरक्षा संहितेचं ३९५. मजकूर जवळजवळ तोच आहे.

आता मेख कुठे आहे ते बघा. ३५७(१) प्रमाणे कोर्ट दंडाच्या रकमेतून भरपाई देऊ शकतं. पण जुन्या संहितेत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना दंडच जास्तीत जास्त १०,००० रुपये लावता येतो (नव्यात ५०,०००). म्हणजे आरोपीला शिक्षा झाली, दंड झाला, त्यातले सात-आठ हजार भावाला मिळाले आणि विषय संपला, असं सर्रास होतं. ३५७(३) वेगळं आहे. शिक्षेत दंड नसेल, तर कोर्ट आरोपीला थेट भरपाई द्यायला सांगू शकतं आणि त्या रकमेला कायद्यानं वरची मर्यादा घातलेली नाही. आरोपीला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, तर परिवीक्षा कायद्याच्या (प्रोबेशन ॲक्ट) कलम ५ खालीही भरपाई देता येते. आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल तर बचाव पक्ष बंधपत्रावर सोडायची विनंती करणार, त्यामुळे त्या दिवशी तुमच्या वकिलांनी हजर असायलाच हवं.

कायदा काय म्हणतो आणि कोर्टात काय घडतं यात अंतर आहे. ‘अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र शासन’ (२०१३) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की प्रत्येक फौजदारी केसमध्ये भरपाईचा विचार करणं कोर्टावर बंधनकारक आहे, आणि दिली किंवा नाकारली तरी कारणं लिहिली पाहिजेत. गंमत म्हणजे त्याच केसमध्ये इतकी वर्षं उलटली होती की भरपाईसाठी प्रकरण खाली परत पाठवणं न्यायालयाला योग्य वाटलं नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की, विशेषतः महिला आणि बालकांवरच्या अत्याचाराच्या केसेसमध्ये सत्र न्यायालयांनी भरपाईचा आदेश करावा. दोष एकट्या न्यायाधीशांचा नाही. फाइलमध्ये मागणीच नसते, खर्चाचा कागद नसतो, मग आकडा ठरवणार कशावर?

म्हणून आधी कागद. बिलं पोलिसांना दिली असतील तर ती दोषारोपपत्रासोबत आली का आणि त्यांना निशाणी (पुरावा म्हणून कोर्टाचा नंबर) पडली का ते बघा. नसतील तर भावाची किंवा डॉक्टरांची साक्ष संपण्याआधी सरकारी वकिलांना भेटा. साक्ष झाली असेल तर फेरतपासणीचा, म्हणजे साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज त्यांच्याकडूनच जाऊ द्या. किती दिवस मजुरी बुडाली, हात पूर्ण वळतो का, अपंगत्वाचा दाखला आहे का, हे सगळं लागेल. शिवाय आरोपीची ऐपत कोर्ट बघतंच, तेव्हा त्याचा सातबारा आणि आठ-अ काढून ठेवा. तालुक्यात निम्म्या वेळा ‘आरोपी गरीब आहे’ हा युक्तिवाद त्या दोन उताऱ्यांवरच संपतो.

कोर्टाच्या परवानगीनं तुम्ही स्वतःचा वकील सरकारी वकिलांच्या मदतीला देऊ शकता. पुरावा संपल्यावर तो लेखी युक्तिवाद देऊ शकतो. त्यात ३५७(३) ची मागणी आकड्यासकट लिहायला सांगा.

दुसरा खिसा सरकारचा. कलम ३५७अ (नवं ३९६) खाली पुनर्वसनाची गरज असलेल्या पीडिताला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत भरपाई मिळते. आरोपी सुटला किंवा मिळालेली भरपाई अपुरी वाटली, तरी कोर्ट तशी शिफारस करू शकतं. आरोपी सापडलाच नाही, तर पीडित थेट प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते. बलात्कार, पॉक्सो (बालकांवरचे लैंगिक अत्याचार) आणि ॲसिड हल्ल्यासाठी आपल्याकडे मनोधैर्य योजना आहे. पॉक्सोमध्ये तर निकालाची वाट न बघता विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं. ॲट्रॉसिटीचं अर्थसहाय्य वेगळं. ते टप्प्याटप्प्यानं मिळतं आणि त्यासाठी समाजकल्याण खात्याकडे पाठपुरावा करावा लागतो.

गावातली माणसं ‘मिटवून टाका’ म्हणत असतील तर एक सांगतो. ३२५ कोर्टाच्या परवानगीनं मिटवता येतं, ३२६ (घातक हत्यारानं गंभीर दुखापत) नाही. पण तडजोड मंजूर झाली की आरोपी निर्दोष सुटला असं धरलं जातं. त्यामुळे पैसे कोर्टात जमा झाल्याशिवाय किंवा खात्यात आल्याशिवाय भावानं तडजोडीच्या अर्जावर सही करू नये. ‘पीक आलं की देतो’ यावर तर अजिबात नाही.

आदेश झाला तरी पैसे लगेच हातात येत नाहीत. दंडातली रक्कम अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत देत नाहीत. आरोपी भरपाई भरत नसेल तर ती दंडासारखी वसूल होते. वसुलीचा अर्ज मात्र तुम्हालाच करावा लागेल, कोर्ट आपणहून मागे लागत नाही. पुढे दिवाणी दाव्यात काही मिळालं तर ही रक्कम त्यात धरली जाते. भरपाई अपुरी वाटली तर जुन्या संहितेच्या कलम ३७२ च्या परंतुकाखाली (त्यातल्या जोडकलमाखाली) भाऊ स्वतः सत्र न्यायालयात अपील करू शकतो. शिक्षा वाढवून मागण्यासाठी मात्र त्याला अपील करता येत नाही. अनेकजण दोन्ही मागण्या एकाच अपिलात घालतात आणि विनाकारण घोळ होतो.

भावाची सरतपास (सरकारी वकिलांनी घेतलेली साक्ष) झाली का आणि बिलांना निशाणी पडली का, एवढं रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) बघून इथे सांगा. फेरतपासणीचा अर्ज लागेल की नाही ते त्यावर ठरेल.