पत्र्यावरून खाली, कागदावर

प्रश्न: मी आयटीआय फिटर. तीन वर्षं चाकणला शेडवर पत्रे मारतो. रूफिंग सुपरवायझर व्हायला डिप्लोमा लागतोच का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: मोठ्या कंपन्या सिव्हिल डिप्लोमा मागतात, हे खरं. पण माझ्याकडेही नव्हता. मी हेल्पर म्हणून स्क्रू उचलून द्यायचो. एकदा मुकादम रजेवर असताना ड्रॉइंग वाचून पत्र्यांची कटिंग लिस्ट काढली, तिथून गाडी रुळावर आली. तेव्हा आधी ड्रॉइंग वाचायला शिका. पर्लिनचं (पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांचं) अंतर, उतार, पत्र्याची लांबी, सगळं त्यात असतं.

तुम्ही कोकणातले, म्हणून एक सांगतो. पावसाचा वारा नैर्ऋत्येचा, तर पत्रे उलट्या टोकापासून लावत यायचे, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे येत नाही. स्क्रू जास्त आवळला की रबराचा वॉशर चेपून फाटतो आणि जूनमध्ये मालकाचा फोन येतो. ग्राइंडरचा चुरा संध्याकाळीच झाडून घ्या, नाहीतर नव्या पत्र्यावर गंजाचे ठिपके. (हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलो.)

आणि माणसं. हार्नेस (अंगावरचा सुरक्षा पट्टा) नुसता घालून भागत नाही, त्याचा हूक लाइफलाइनला, म्हणजे छतावर बांधलेल्या सुरक्षा दोराला, अडकवलेला हवा. उजेडाच्या फायबर पत्र्यावर कुणालाही पाय ठेवू देऊ नका. तो वजनाने फुटतो, आणि धुळीने साध्या पत्र्यासारखाच दिसतो. जोराचा वारा सुटला तर काम थांबवा, ठेकेदार कितीही ओरडू दे.

डिप्लोमा नोकरी सांभाळून जमला तर कराच. पगाराची बोलणी सोपी होतात.