लग्न, मूल, घटस्फोट, निवृत्ती: लोक खरंच यामुळे घर बदलतात, की हे नुसतं निमित्त असतं?

लोकांना घरं दाखवणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न रोज डोळ्यांसमोर असतो. माझ्या मते काही घटनांमध्ये घर बदलायचं आधीच मनात असतं, काहींमध्ये माणसाला विचारायलाही कोणी थांबत नाही.

मुलाचंच बघा. घर अपुरं पडतंय ही कुरकुर जोडप्यात आधीपासून असते, आणि ती वर्षानुवर्षं नुसती कुरकुर म्हणून चालू शकते. बाळाची चाहूल लागली की तिला तारीख मिळते. म्हणून बरेच जण बाळ यायच्या आधीच हलतात. अशी जोडपी लगेच ओळखू येतात: बाई पलंगाच्या बाजूची भिंत वितीने मोजत असते, पाळणा ठेवून दार पुरतं उघडेल का म्हणून, आणि नवरा मला पार्किंगबद्दल विचारत असतो. पीटर रॉसी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने फिलाडेल्फियातल्या कुटुंबांचा अभ्यास करून १९५५ मध्ये हेच मांडलं होतं. कुटुंब वाढतं-घटतं तशी जागेची गरज बदलते आणि लोक त्या गरजेमागे घर बदलतात.

हेच मूल शाळेत रुळलं की गाडी उलटी फिरते. शाळा, मित्र, शिकवणी सगळं जवळ, मग घर कितीही गैरसोयीचं असो, लोक हलत नाहीत. घटना माणसाला खिळवूनही ठेवतात, हे कोणी फारसं लक्षात घेत नाही.

नोकरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नोकरी किंवा शिक्षण माणसाला लांब नेतं. घरगुती कारणांनी होणारे बदल बहुतेक त्याच शहरात, कधी कधी दोन गल्ल्या सोडून होतात.

घटस्फोटाची गोष्ट मात्र निराळी. तिथे निवड नसतेच, दोघांपैकी एकाला तरी बाहेर पडावंच लागतं. अशा माणसाचा फोनवरचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, ‘ताबा लगेच मिळेल का?’ हा असतो. मी कारण विचारत नाही. मुलं असतील तर शाळेच्या आसपासचंच घर हवं असतं, हातात पैसा निम्मा असतो, आणि मिळेल ते घेतल्यामुळे थोड्याच काळात पुन्हा सामान बांधायची वेळ येते.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या बदलांच्या ताणाला गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, निवृत्ती ४५ आणि घर बदलणं फक्त २०. पण या गुणांची बेरीज करायची असते. वडील गेले की त्या शंभरावर हे घर बदलण्याचे वीस चढवायची घाई बहुतेक वेळा मुलांना असते. ‘आईला एकटीला एवढं घर कशाला’ हे मुलगा मला समजावत असतो आणि आई पाणी आणायला म्हणून आत गेलेली असते. पैशाची नड नसेल तर मी अशा घरांना वर्षभर थांबायला सांगतो. त्यात माझी दलाली बुडते, ते असो.

म्हातारपणातले बदल साधारण तीन टप्प्यांत होतात, असं लिटवाक आणि लाँजिनो या दोघा अभ्यासकांनी १९८७ मध्ये लिहिलं. निवृत्तीनंतर हौसेने, मग रोजची कामं झेपेनाशी झाली की मुलांच्या जवळ, आणि शेवटी गरज पडलीच तर देखभाल करणाऱ्या संस्थेत. माझ्याकडे लोक पहिल्या टप्प्यात येतात ते मोकळी हवा आणि शांतता शोधत. मी त्यांना जिने मोजायला लावतो, बाथरूमचं दार किती रुंद आहे ते बघायला लावतो आणि जवळचा दवाखाना चालत किती लांब आहे ते विचारतो. निम्मे जण चिडतात.