आळशी, ऐदी, रिकामटेकडा, बेकार

प्रश्न असा आहे: 'नोकरी गेल्यापासून तो आळशी झाला आहे' या वाक्यात 'आळशी'ऐवजी 'ऐदी', 'रिकामटेकडा' किंवा 'बेकार' चालेल का? की सगळ्यांचा अर्थ एकच?

एकच नाही. यातला कोणता शब्द निवडला त्यावर त्या माणसाला दोष लागतो की नाही, हे ठरतं.

'आळस' संस्कृत 'अलस'वरून आला. त्यासाठी समोर काम असावं लागतं. काम आहे, अंगात बळ आहे, तरी उठवत नाही, तो आळस. आपण 'आळस देतो' तेव्हा तर नुसतं अंग ताणतो. असा आळस कुणालाही येतो नि जातो. 'आळशी' म्हटलं की तो स्वभाव झाला.

'ऐदी'ची गोष्ट मोठी मजेची आहे. मोगल लष्करात 'अहदी' नावाचे स्वार असत. अरबी 'अहद' म्हणजे एक. मनसबदाराच्या हाताखाली न मोडणारे, थेट बादशहाचे पगारी, असे हे एकांडे शिलेदार. कामगिरी क्वचित, पगार मात्र चालू, म्हणून त्यांचं नाव सुस्त माणसाला चिकटलं. ऐदी माणसाची सोय कुणीतरी आधीच लावलेली असते. नोकरी गेलेल्याला हा शब्द लावणं सरळ अन्याय आहे.

'रिकामटेकडा' उद्योग नसलेला खरा, पण स्वस्थ बसणारा नव्हे. 'रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी' ही म्हण फार नेमकी आहे. तुंबडी म्हणजे न्हाव्याचं अंगातलं रक्त काढायचं साधन; गिऱ्हाईक नाही म्हणून ती भिंतीला. हात थांबत नाहीत, फक्त कामाचा अर्थ हरवतो.

'बेकार' मूळ फारसी, म्हणजे कामाविना. पुढे त्याचाच अर्थ टाकाऊ, वाईट असाही झाला. काम गेलं की माणसाची किंमतही गेली, असं भाषेनेच ठरवून टाकलं. मला हे फार खटकतं.

ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावची गिरणी बंद पडल्यावर सामाजिक मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला. तो 1933 साली प्रसिद्ध झाला. वेळच वेळ असूनही लोकांचं ग्रंथालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं होतं. पुरुष रस्त्याने सावकाश, थांबत थांबत चालत. लांबून पाहणाऱ्याने त्यांना आळशीच म्हटलं असतं. पण ती सुस्ती काम गेल्यामुळे आली होती, सुस्तीमुळे काम गेलं नव्हतं.

म्हणून प्रश्नातल्या वाक्यात मी यांपैकी एकही विशेषण घालणार नाही. 'नोकरी गेल्यापासून त्याचं कशात मन लागत नाही' असं लिहीन. फक्त परिस्थिती सांगायची असेल तर 'सध्या त्याच्या हाताला काम नाही' एवढं पुरेसं आहे.