पोलीस ठाण्यातली सही आणि गुरुवारची पॉलीग्राफ चाचणी

प्रश्न: मी एका खासगी कारखान्यात स्टोअर सांभाळतो. दोन महिन्यांपूर्वी गोदामात तांब्याच्या तारेची १४ बंडलं कमी भरली. मालकांनी तक्रार दिली आणि पोलिसांनी आम्हा चौघांना चौकशीला बोलावलं. पॉलीग्राफ म्हणजे लाय डिटेक्टर चाचणीला स्वखुशीने तयार असल्याच्या कागदावर तिथे माझी सही घेतली. येत्या गुरुवारी प्रयोगशाळेत हजर राहायला सांगितलं आहे. मी काहीच केलेलं नाही, म्हणून चाचणी देऊन एकदाचं मोकळं व्हावं असं वाटतं. पण मला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि साध्या प्रश्नालाही छाती धडधडते. आत नेमकं काय होतं? भीतीमुळे मी खोटा ठरलो तर? आणि खरा ठरलो तर केस संपेल ना?

उत्तर: अशी पत्रं मला नेहमी येतात आणि जवळजवळ प्रत्येकात मशीनबद्दल विचारलेलं असतं. सहीबद्दल कोणी विचारत नाही. तुमच्या प्रकरणात सगळं त्या सहीवरच ठरणार आहे, म्हणून मी तुम्हाला मुद्दाम फोन करून त्या कागदाबद्दल विचारलं. हाताने लिहिलेल्या चार ओळी, ‘माझ्यावर कोणताही दबाव नाही’ हे वाक्य, तारखेची जागा कोरी, खाली तुमचं नाव. सोबत वकील नव्हता, प्रत तुम्ही मागितली नाही. का, तर साहेब घाईत होते. स्टोअरमध्ये आलेला माल स्वतः मोजल्याशिवाय तुम्ही चलनावर सही करत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. मग इथे स्वतःच्या अंगावर येणाऱ्या कागदावर न वाचता सही कशी केलीत? आणि केल्यावर २४ दिवस गप्प का बसलात? हा प्रश्न तीन आठवडे आधी आला असता तर मला आज इतक्या घाईने लिहावं लागलं नसतं.

तरीही वेळ गेलेली नाही, कारण त्या कागदाला कायद्याच्या अर्थाने संमती म्हणता येत नाही.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० साली लाय डिटेक्टर चाचणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या काटेकोरपणे पाळायला सांगितल्या. त्यांतलं एक कलम तुम्ही पाठ करून ठेवा: संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर, म्हणजे मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवली गेली पाहिजे. पोलीस ठाण्यात, हवालदाराच्या टेबलावर घेतलेली सही चालत नाही. मॅजिस्ट्रेटसमोर त्या वेळी तुमचा वकील हजर हवा. चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम पोलिसांनी आणि तुमच्या वकिलाने तुम्हाला आधी समजावलेले हवेत. चाचणीत जे बोलाल ते मॅजिस्ट्रेटपुढचा कबुलीजबाब ठरणार नाही, पोलिसांना दिलेल्या जबाबाइतकीच त्याची किंमत असेल, हेही स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. यातलं एकही तुमच्या बाबतीत झालेलं नाही.

याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं, की गुन्ह्याच्या तपासात असो वा अन्य कशासाठी, कोणावरही ही चाचणी लादता येणार नाही. संशयित आणि साक्षीदार यांनाही हे संरक्षण आहे. त्यामुळे ‘तुम्ही अजून आरोपी नाही, तुम्हाला नकार देता येणार नाही’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नकार दिला म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मधला गप्प राहण्याचा अधिकार वापरला की तो तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरू लागला, तर त्या अधिकाराला अर्थच उरणार नाही.

तेव्हा मंगळवारपर्यंत एवढं करा. वकीलपत्र सही करून द्या. तुमच्या वकिलाकडून संबंधित मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज द्या, की पोलीस ठाण्यात घेतलेली सही ही संमती नाही, असेल तर ती मी मागे घेत आहे आणि मॅजिस्ट्रेटसमोर, वकिलाच्या उपस्थितीत विचारल्याशिवाय मी चाचणीला बसणार नाही. त्या अर्जाची प्रत तपास अधिकाऱ्याला द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. अर्जावर सुनावणी कधी होईल ते मला विचारू नका. कोर्ट पुढची तारीख देईल, त्या तारखेला आणखी एक मिळेल, हे मी रोज बघतो आणि त्याचा मला संताप येतो. पण सुनावणी लांबली तरी अर्ज गुरुवारच्या आधी दाखल झालेला असला पाहिजे. शिक्का मारलेली ती प्रत खिशात असली म्हणजे तुमचं म्हणणं नोंदीवर आलं.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. मोफत वकील मिळण्याचे निकष तिथे सांगतील. पण उद्याच जा.

आता आत काय होतं ते. मॅजिस्ट्रेटसमोर विचार करून तुम्ही हो म्हणालात, तर हे माहीत असलेलं बरं.

चाचणी घेणारा तज्ज्ञ आधी बराच वेळ नुसता बोलतो. तुमचं काम, तब्येत, झोप, औषधं आणि घटनेबद्दल तुम्हाला काय माहीत आहे, सगळं विचारतो. प्रश्न आधीच वाचून दाखवले जातात, त्यामुळे मशीन लावल्यावर अचानक नवा प्रश्न येत नाही. मग छातीवर आणि पोटावर श्वास मोजणाऱ्या नळ्या बांधतात, बोटांना घामाची नोंद घेणाऱ्या पट्ट्या लावतात आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा. दवाखान्यात हा पट्टा मिनिटभरात सैल होतो, इथे मात्र प्रश्नांची एक फेरी संपेपर्यंत तो फुगलेलाच राहतो. हात जड होतो, बोटांना मुंग्या येतात. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. एका प्रश्नानंतर वीसेक सेकंद शांतता, मग पुढचा. तीच यादी दोन-तीनदा फिरवतात. आधीच्या बोलण्यापासून धरलं तर सगळं मिळून दोन-तीन तास जातात.

काही प्रश्न तुम्हाला गुन्ह्याशी संबंध नसलेले वाटतील. ‘तुम्ही आयुष्यात कधी दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली आहे का?’ अशा प्रश्नाला प्रत्येक माणूस अडखळतो. तुमच्या त्या अडखळण्याची तुलना तारेबद्दलच्या प्रश्नाशी केली जाते. मशीनला खोटं कळत नाही. त्याला कळतो श्वास, घाम आणि रक्तदाब यांतला बदल, आणि तो बदल भीतीनेही होतो. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ साली सगळं संशोधन तपासून असाच निष्कर्ष काढला, की विशिष्ट घटनेबद्दलच्या चाचणीत मशीन निव्वळ अंदाजापेक्षा बरंच बरं ठरतं, पण बिनचूकपणापासून बरंच लांब राहतं. तुमच्या धडधडीचं उत्तर यात आहे: हो, खरं बोलणारा घाबरट माणूस खोटा दिसू शकतो.

गोळी बंद करू नका. औषधाचं नाव आणि सकाळी किती वाजता घेतली ते तज्ज्ञाला सांगून लिहून घ्यायला लावा. रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाचे ठोके मंद ठेवतात, त्यामुळे चाचणी घ्यावी की नाही हे त्याला ठरवावं लागेल. आणि श्वास रोखणं, जीभ चावणं, पायाची बोटं आवळणं असले मोबाइलवर बघितलेले उपाय अजिबात करू नका. खुर्चीवर हालचाल टिपणारी गादी असू शकते, आणि असं काही दिसलं तर अहवालात ते तुमच्या विरुद्धच लिहिलं जाईल.

तुमचा शेवटचा प्रश्न मात्र मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो. खरे ठरलात तर केस संपणार नाही. चाचणीचा निकाल स्वतः पुरावा म्हणून चालत नाही, तो तुमच्या बाजूचा असला तरी नाही. तपास अधिकारी तो बाजूला ठेवून चार्जशीट दाखल करू शकतो. पण त्याच सेल्वी निकालात एक वाट उघडी ठेवली आहे: स्वेच्छेने दिलेल्या चाचणीतून पुढे जी वस्तू किंवा माहिती हाती लागेल, ती जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७ प्रमाणे पुराव्यात येऊ शकते. ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. म्हणजे जिंकलात तर हाती काही नाही, आणि बोलण्याच्या ओघात काही निसटलं तर त्याचा माग काढला जाईल. हे कलम पोलिसांच्या ताब्यातल्या आरोपीबद्दल आहे आणि तुम्ही आज अटकेत नाही, त्यामुळे ते तुम्हाला लागू होतं की नाही यावर वाद घालता येईल. पण तो वाद वर्षानुवर्षं कोर्टात घालावा लागेल.

माझ्या एका अशिलाचं असंच झालं. डिझेल चोरीचा आरोप असलेला ड्रायव्हर होता. चाचणी संपली, पट्टे सुटले, पाण्याचा ग्लास हातात आला. तिथेच कोणीतरी म्हणालं, ‘आलेख वेगळंच सांगतोय, मन मोकळं कर.’ दंड चोळत तो म्हणाला, ‘एकदा रिकामे कॅन घरी नेले होते, पाणी भरायला.’ कॅन घरात सापडले, पंचनामा झाला. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘निश्चित निष्कर्ष काढता येत नाही’ असं होतं. तरी खटला सहा वर्षं चालला. तो सुटला, पण त्या काळात नोकरी गेली आणि मुलीचं लग्न दोनदा मोडलं. म्हणून तुम्ही चाचणी दिलीत, तर पट्टे सुटल्यावर एकच वाक्य बोला: ‘यापुढे माझ्या वकिलासमोर बोलेन.’ मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चाचणी वकिलाच्या उपस्थितीत व्हायची असते, तेव्हा त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं तर तशी लेखी नोंद करून घ्या.

मालकाने खासगी एजन्सी आणून सगळ्या कामगारांची चाचणी ठेवली तर काय करायचं, असं इतर काही वाचकांनी विचारलं आहे. त्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, पण नकार तिथेही देता येतो. नकारानंतर नोकरीचं काय, हे नेमणूकपत्र आणि स्थायी आदेश (कारखान्याचे नोकरीचे नियम) बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

तुमच्या बाबतीत अटकपूर्व जामिनासाठी जावं का, हेही मी आज ठामपणे सांगू शकत नाही. चौकशीला बोलावताना दिलेली नोटीस शोधा आणि तिच्यावरचं कलम वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) १७९ असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. ३५(३) असेल तर संशय तुमच्यावर आहे, आणि मग कलम ४८२ खालच्या अटकपूर्व जामिनाच्या अर्जाचा विचार वकिलाशी बसून लगेच करावा लागेल. नोटीस दिलीच नसेल आणि नुसता फोन आला असेल, तर फोन कधी आणि कोणाचा आला ते अर्जात लिहा.

नोटिशीचा फोटो आणि शिक्का मारलेल्या अर्जाची प्रत बुधवारी संध्याकाळपर्यंत मला पाठवा.